रिकाम्या पाळण्यातलं संत्रं

अमेरिकेत, श्रूजबरीला मुलाकडे राहायला आले आणि कळलं, इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या. २००४च्या थंडीत शेजारचं भांडण मला माजघरातलं असावं तसं ऐकू आलं.

“बाळंतपणाला आईच कशाला तुझी? चार लोकांत काय करतील नेम नाही. मला एम्बॅरस होतं, श्रीराम!”

“विनीता, हळू बोल ना यार. आई आत आहे.”

आई आत नव्हती. शोभनाताई माझ्या दारात उभ्या होत्या, विरजणाची वाटी घेऊन. मी टीव्ही मोठा केला. त्यातलं मला अक्षर कळत नाही, पण आवाज कामाला आला.

शोभनाताई जळगावच्या. नातवंडाला पहिली अंघोळ आपल्या हातानं घालायची, एवढ्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या. त्या भांडणानंतर चार लोकांत बोलायच्याच बंद झाल्या. रोज सकाळी मात्र विनीतासाठी पालक आणायला माझ्याबरोबर आपल्या लोकांच्या वाणसामानाच्या दुकानात चालत यायच्या.

एप्रिलात विनीताच्या ऑफिसातली गोरी मैत्रीण सगळ्यांना एका जुन्या घरी घेऊन गेली. ह्या देशाच्या सुरुवातीच्या कुणा अध्यक्षाचं शेतावरचं घर, जपून ठेवलेलं. गाडीत जागा होती म्हणून मीही. मला वाटलं मोठा बंगला असेल. बघते तर आमच्या गोठ्याएवढं. श्रीरामला वाकून चालावं लागलं. शोभनाताई शहाण्या मुलीसारख्या हात मागे बांधून हिंडल्या.

शेवटच्या खोलीत दोरीपलीकडे लाकडी पाळणा होता. माहिती सांगणाऱ्या बाईनं हातमोजा घालून त्याला झोका दिला. रिकाम्या पाळण्याला! आणि शेजारी विनीता, सातवा लागलेली. अपशकुनच की. आपल्याकडे आधी आत वरवंटा तरी ठेवतात. शोभनाताईंनी पिशवीत हात घातला. वरवंटा कुठला असायला? संत्रं निघालं. त्या दोरीवरून वाकल्या आणि ते पाळण्यात ठेवलं.

कुठंतरी टीं टीं वाजायला लागलं. लोक वळून बघायला लागले. त्या बाईनं मेलेला उंदीर उचलावा तसं संत्रं दोन बोटांनी उचलून परत दिलं.

“इज इट अ रिच्युअल?” मैत्रिणीनं विचारलं.

विनीता खिडकीबाहेर बघत म्हणाली, “नो. शी इज जस्ट ओल्ड.”

एवढं इंग्रजी आम्हां दोघींनाही येतं.

येताना गाडीत शोभनाताईंनी संत्रं पदराखाली धरलं होतं, चोरीचं असावं तसं. घरी पोचल्यावर, मी अजून त्यांच्या दारातच होते, चपला काढता काढताच म्हणाल्या, “श्रीराम, माझं तिकीट अलीकडचं कर. हिच्या आईंना बोलव.”

“अगं आई, एवढ्याशावरून...”

“माझा हात ऐन वेळी कुठं जाईल, मलाच भरवसा नाही रे.”

विनीता लाल झाली. मान काही वर होईना तिची.

जायच्या दिवशी सकाळी शोभनाताई नेहमीसारख्या पिशवी घेऊन माझ्या दारात. आम्ही जाऊन पालक आणला. त्यांच्या घरी जमिनीवर बसून त्यांनी तो निवडला, कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला. हॉलच्या कोपऱ्यात नवा पाळणा जोडून ठेवला होता, रिकामा. धक्का लागू नये म्हणून शोभनाताई दोन्ही हात अंगाशी धरून त्याला वळसा घालून गेल्या, आणि पिशवी झटकून नेहमीच्या हुकाला अडकवली.