वावटळीनंतरचे पाच दिवस
तापलेल्या मातीचा वास आला की नरडाण्याजवळच्या आमच्या गावातली, मी इंटर पास झाले त्या उन्हाळ्यातली एक दुपार आठवते. खळ्यात वावटळ उठली आणि तापलेली हवा धूळ कशी उचलते हे जवळून पाहावे म्हणून मी थेट तिच्यात शिरले. जाड वाळू पोटऱ्यांवर आपटून खाली पडत होती. बारीक धूळ मात्र गिरक्या घेत कडुनिंबाच्याही वर गेली. "पोरी, त्यामा भूत शे!" आत्या ओरडली. "तापेल हवा शे, आत्या," मी म्हणाले. "मंग तुनी हवा थंडी होस तवलोंग बस मझार!" म्हणत तिने मला आतल्या खोलीत ढकलून कडी लावली. वावटळ अंगावरून गेलेल्या कुमारिकेने पाच दिवस उंबरा ओलांडायचा नाही, अशी आमच्याकडची रीत होती, आणि बी. एस्सी.च्या प्रवेशाचा अर्ज तिसऱ्या दिवशी धुळ्याला स्वतः जाऊन द्यायचा होता. वडील दाराशी येऊन थांबले, पण आत्या त्यांची मोठी बहीण; तिचा शब्द न मोडता ते परत फिरले. खिडकीच्या गजांतून मी शेतावरच्या वावटळी मोजत राहिले आणि मुदत सरली. प्रवेश मिळाला तो वर्षभराने. आज प्रयोगशाळेच्या खिडकीतून वावटळ दिसली की मी तिच्या उंचीचा अंदाज वहीत नोंदवते. मात्र त्याआधी उठून, दाराची कडी उघडी आहे ना, ते पाहून येते.