तिच्या मापाचे आकडे

चौकातल्या लॉटरीच्या खिडकीशी शनिवारी संध्याकाळी रांग लागायची. एक ते एकोणपन्नासमधले सहा आकडे निवडायचे, एवढाच खेळ. पण ते निवडताना माणसं अशी काही उघडी पडायची की बघत राहावं. निवृत्त बसचालक आपण चालवलेल्या बसमार्गांचे आकडे लावायचा. त्यातला एक मार्ग बंद पडला तेव्हा तो घरचं कोणी गेल्यासारखा हळहळला, पण आकडा काही सोडला नाही. दातांचा डॉक्टर त्या आठवड्यात उपटलेल्या दातांचे क्रमांक लावायचा. एक शाळेतल्या बाई वर्गातल्या सगळ्यात वांड पोरांचे हजेरी क्रमांक सांगायच्या, का तर म्हणे, "नको तेव्हा उगवायची सवय त्यांनाच!" आणि बायको सोडून गेलेला एक किराणावाला अजूनही लग्नाचीच तारीख लावायचा. कोणी टोकलं तर म्हणायचा, "एकदा तरी ती तारीख माझ्या कामी येऊ दे की!"

मग यायचा शिंपी. गळ्यात टेप, कानामागे खडू, शर्टाच्या खिशाला टोचलेल्या सुया. दुकानातून उठून तसाच यायचा, भूमिकेचा पोशाख न उतरवता रस्त्यावर आलेल्या नटासारखा. त्याला बोलावंच लागायचं नाही.

"बेचाळीस, अडतीस, तेहतीस, पंधरा, बावीस, अकरा," लॉटरीवाला आपणच म्हणून टाकायचा. "बरोबर ना, मास्तर?"

"बरोबर."

"जन्मतारखा का?"

"तसंच काहीतरी," म्हणून शिंपी गालातल्या गालात हसायचा.

हे आकडे कसले, ते जगात दोघांनाच ठाऊक होतं. लांबी बेचाळीस, छाती अडतीस, कंबर तेहतीस, खांदा पंधरा, बाही बावीस, बाहीची मोहरी अकरा. ते शिंप्याच्या बायकोचं माप होतं, कोटाचं.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. त्यानं एक गर्द निळं लोकरी कापड आणलं होतं, खास तिच्यासाठी. दुकान बंद करून तिला स्टुलावर उभं केलं आणि माप घेतलं. टेप कमरेशी गेली की ती खुदकन हसून वाकायची, आणि तो खोटं खोटं ओरडायचा, "बाई, नीट उभ्या राहा! बाहेर गिऱ्हाइकं ताटकळलीत!" दुसऱ्याच दिवशी एक घाईचं काम आलं. गिऱ्हाईक जुनं, कापड थोडं कमी पडत होतं, रंग नेमका तोच. शिंप्यानं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "घ्या हो. माझं काय, पुढच्या वेळी." तिचं कापड त्या कामात गेलं, कोटही गेला. माप मात्र त्याच्या डोक्यात राहिलं. त्या शनिवारी खिडकीशी पहिल्यांदा उभा राहिला आणि आकडे सुचेनात, तेव्हा तेच तोंडातून निघाले.

"लागली ना लॉटरी, की तुला असा कोट शिवतो, असा कोट शिवतो..."

"कोटाचं राहू दे. माझी कंबर त्या खिडकीतून साऱ्या गावाला सांगून आलात, त्याचं काय?"

पुढची सगळी वर्षं त्या हसण्यावर निघाली. दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेली एक लांबट खोली. पुढे त्याचं मशीन, मागे खिडकीशी तिची खुर्ची. त्याचं तोंड रस्त्याकडे, तिचं खिडकीकडे, पाठीला पाठ. तो शिवायचा, ती काजं करायची, बटणं लावायची, कडा दुमडून टाके घालायची. बोलणं अखंड चालायचं, मान न वळवता. शिवणाऱ्याला मान वळवून चालत नाही. सुई तिरपी जाते.

कारागीर मात्र पक्का. गावातल्या नाटकमंडळीसाठी त्यानं राजाचे अंगरखे शिवले होते, पाठीला हुकांच्या दोन रांगा असलेले, म्हणजे कोणताही राजा आत मावावा. पण खऱ्या माणसांच्या बाबतीत असलं काही खपवून घ्यायचा नाही. कोणी जुना शर्ट घेऊन आला, "याच्या मापानं शिवा," म्हणाला, की मास्तर शर्ट तसाच परत करायचा. "माणूस आणा. शर्ट जिथल्या तिथे असतो, माणूस नसतो." हे वाक्य तो असं फेकायचा की गिऱ्हाईक निमूट घरी जाऊन माणूस घेऊन यायचं.

लेक मोठी झाली, दूरच्या थंड गावी संसाराला लागली. लॉटरी लागली नाही. एकदा तीन आकडे जुळले, त्यात मशीनचा पट्टा आला. कोटाचा विषय हळूहळू थट्टेत गेला आणि थट्टेतच राहिला.

मग एके दिवशी लेकीचा फोन आला. बाळ झालं होतं. आईनं लगेच यावं, आणि येताना जाडजूड काहीतरी घालून यावं, इकडे हाडं गोठताहेत.

शिंपी उठला तो थेट कापडाच्या दुकानात गेला. गर्द निळं लोकरी कापड घेऊन आला आणि टेबलावर पसरलं. त्याच्या अंगात असं वारं शिरलेलं तिनं कैक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"लॉटरी लागली का काय?" ती म्हणाली.

"लॉटरी गेली खड्ड्यात. कोट होणार म्हणजे होणार!"

"मग माप घ्या एकदा."

"तुझं माप?" त्यानं कात्री उचलली. "झोपेतून उठवून विचार. बेचाळीस, अडतीस, तेहतीस..."

ती खुर्चीत जाऊन बसली, खिडकीकडे तोंड करून.

गिऱ्हाइकांची कामं त्यानं बाजूला सारली. गळा असा बसवला की नुसता बघत राहावा. आत रेशमासारखं मऊ अस्तर घातलं. काजं तिनंच केली. दुसऱ्या कोणाच्या हाती तो देतो कसला! सकाळच्या गाडीनं ती निघणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी कोट तयार झाला. त्यानं तिला आरशासमोर उभं केलं, मागून कोट धरला, पडदा वर जाण्याआधी नट धरतो तसा क्षणभर श्वास धरला, आणि कोट तिच्या अंगावर सोडला.

कोट खुंटीला टांगावा तसा राहिला.

खांदे तिच्या खांद्यांवरून खाली घसरले होते. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. बटणं लावली तर पुढे कापडाची एक मोठी झोळी झाली. आणि त्या सगळ्याच्या वर तिचा चेहरा, लहानसा. शिंपी आरशात बघत राहिला. ही बाई कोण? एवढी बारीक कधी झाली? पाठीतून कधी वाकली? त्याच्या पाठीला पाठ लावून ती इतकी वर्षं काजं करत बसली होती आणि तिथेच, हातभर अंतरावर, थोडी थोडी आटत गेली होती.

"मोठा झाला," तो म्हणाला.

"कोट नाही हो मोठा झाला." ती हसत होती. "मीच तुमच्या आकड्यांतून निसटले."

"तुला कळलं नाही? काजं करताना?"

"हातात घेतल्याबरोबर कळलं."

"मग बोलायचं नाही का!"

तिनं बाही वर दुमडली. एक घडी, दुसरी घडी. "म्हटलं, या माणसाच्या डोक्यात मी अजून स्टुलावर उभी आहे. तर राहू दे उभी. उतरवायचं जिवावर आलं."

"उसवतो. आत्ता बसतो. खांदा काढून..."

"काही नको. दिव्याच्या उजेडात तुम्हाला आता दोरा ओवता येत नाही. उबेला काय, मोठा तर मोठा."

त्याचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. आता निदान माप तरी घ्यावं. साऱ्या गावाला शिकवलेला धडा तो, आणि वेळ तरी कितीसा लागला असता! पण तिच्या खांद्याला टेप लावून नवा आकडा वाचायचा, मग छातीचा, मग कमरेचा... हिंमत झाली नाही. तोवर ती आत पिशवी भरायला निघून गेली आणि टेप गळ्यातच राहिली.

सकाळी ती तशीच गेली, बाह्या दुमडून. गाडीच्या खिडकीतून हात हलवला तेव्हा बाहीची घडी सुटली, हात आत गेला, आणि दिसेनासा होईपर्यंत त्याला नुसती निळी बाहीच हलताना दिसली.

काही दिवसांनी लेकीचा फोन आला. कोट कसा आहे, हे विचारायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण लेक आपणहून म्हणाली, "बाबा, काय कोट शिवलाय! आई बाळाला आत घेते, वरून बटणं लावते आणि अंगणात फिरते. दोघं आरामात मावतात. बाळ तिथेच झोपतं. आता हिवाळाभर सोडणार नाही मी तिला."

"बरं झालं," शिंपी म्हणाला. "फार बरं झालं."

फोन ठेवला आणि तो मशीनवर बसला. पाय पायडलवर टेकवले, पण चालवले नाहीत. एक अख्खं बाळ आत मावेल, एवढी बायको कमी झाली होती. आणि घरात शिंपी असून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं मान वळवली. मागे खिडकीशी खुर्ची रिकामी होती. तिच्यावरची उशी मधोमध खोलगट झाली होती, आणि तो खड्डा इतका लहान होता की तेवढं बघूनही कळायला हवं होतं.

शनिवारी पाय सवयीनं चौकात गेले. पुढे बसचालक आपल्या बंद पडलेल्या मार्गाचा आकडा सांगत होता. शिंप्याची पाळी आली. लॉटरीवाल्यानं मान वर न करताच सुरुवात केली.

"बेचाळीस, अडतीस..."

"थांबा," शिंपी म्हणाला.

"का हो मास्तर? बदलताय? इतक्या वर्षांनी? आणि नेमके याच आठवड्यात लागले तर?"

"लागले तरी ते आता कोणाचे नाहीत."

"मग कोणते लावू? बोला लवकर, मागे रांग आहे."

शिंप्याच्या बोटांनी गळ्यातल्या टेपचं टोक धरून ठेवलं होतं. तो बराच वेळ त्या सहा रिकाम्या चौकटींकडे बघत राहिला. मागून दातांचा डॉक्टर खाकरला.

"ठाऊक नाहीत," तो शेवटी म्हणाला. "माप घ्यायचं राहिलंय."

आणि रांगेतून बाजूला झाला.