बर्फमावशीचे हात

मासळीबाजारात शिरल्यावर बर्फ फोडल्याचा आवाज आला, की समजायचं बर्फमावशी जागेवर आहेत. तीस वर्षं त्या माशांवर बर्फ रचत होत्या. अख्खा खडा ठेवायचा नाही, माशाला मार बसतो. चुरा करून अलगद पसरायचा, हे त्यांचं शास्त्र. तोंड मात्र फटकळ. गिऱ्हाइकाने मासा चारदा दाबून पाहिला, की म्हणायच्या, "पुरे हो, तो काही उठून बोलणार नाही!"

अशा खमक्या बाईला एकच गोष्ट आतून खात होती, ती म्हणजे हातांचा वास. साबण झिजले, वास काही हटला नाही. नातेवाईक शेजारी बसताना हळूच लांब सरकायचे. एकटी सून तेवढी खेटून बसायची, मांडीवर डोकं टाकून गप्पा मारायची. तिच्या नाकाचं हाड लहानपणापासून वाकडं, नाक कायम चोंदलेलं. वास तिला माहीतच नव्हता. मावशींना तिचा फार आधार वाटायचा.

आता डॉक्टरांनी ऑपरेशन करून ते हाड सरळ केलं. म्हणाले, "श्वास मोकळा होईल, वासही येईल." मावशी तोंडाने "बरं झालं हो" म्हणाल्या, पण मनातून चरकल्या. आता हीसुद्धा सरकणार.

सून घरी आली ती सुजलेले डोळे आणि खाली काळेनिळे डाग घेऊन. मावशींनी बाह्या सरसावल्या. "सूज ना? बर्फाचं मला नको कुणी शिकवायला!" त्यांनी चुरा केला, बाजारातल्या सवयीने मूठभर मीठ मिसळलं आणि पिशवी थेट गालावर टेकवली. सून ओरडलीच. गाल लालबुंद झाला.

घाबरून मावशींनी दवाखान्यात फोन लावला. तिकडून नर्स कडाडली, "मीठ? अहो, सून आहे की मासा? मिठाने बर्फ आणखी गार होतो, कातडी भाजते! साधा बर्फ घ्या, कापडात गुंडाळा. गालांवर आणि डोळ्यांखाली हलकेच ठेवा, नाकावर अजिबात दाब नको. पंधरा मिनिटं ठेवायचा, मग तासभर सुट्टी. आणि डोकं उंच उशीवर."

मावशी ओशाळल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सलग दोन दिवस बाजार बुडवला. घड्याळ समोर मांडून बसल्या. पंधरा मिनिटं झाली की कापड उचलायचं, तास झाला की नवा चुरा.

"आई, जरा पाठ टेका ना."

"गप पड. बोललीस की ताण पडतो."

तिसऱ्या दिवसापासून सूज उतरू लागली, डोळे उघडले. आणि मावशी लांब लांब राहू लागल्या. ताट दारातूनच सरकवायच्या.

दोन आठवड्यांनी सुनेने विचारलंच, "आई, माझं काही चुकलं का?"

"नाही गं. तुला आता वास येत असेल..."

"येतो की. कालपासून येतोय."

मावशींनी हात पाठीमागे घेतले. सुनेने ते ओढून आपल्या गालावर धरले, अगदी बर्फ ठेवला होता त्याच जागी.

"अगं, मासळीचा वास आहे तो!"

"मग? तुम्ही फुलं विकता का? मला डोळे उघडता येत नव्हते, आई, तेव्हा हेच हात होते. मला हा वास आवडला."

मावशींना रडू आवरेना. फटकळ तोंडातून एवढंच निघालं, "तुझे उपकार आहेत गं बाई." हात मात्र त्यांनी काढून घेतले नाहीत.