सासऱ्यांच्या पाटावर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं. उभा जन्म शाळेत शिकवलं, त्यामुळे माणूस समोर आला की मनातल्या मनात त्याला गुण द्यायची खोड लागली. निवृत्त झाले, जळगावातल्या या कॉलनीत घर बांधलं, पण खोड काही गेली नाही. या खोडीपायीच मी हे करून बसले.

आमच्या खानदेशात आखाजीला पितरांची घागर भरतात. अक्षय्य तृतीया म्हणा हवं तर, पण आमच्या तोंडात आखाजीच बसलेली. सकाळी एकेका पूर्वजाचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं बोट उमटवायचं, मातीच्या घागरीत पाणी भरून तिच्यावर डांगर ठेवायचं, म्हणजे आपलं खरबूज. मग दुपारी एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवायचं आणि पोटभर जेवू घालायचं. तो जेवला की आपला गेलेला माणूस जेवला. तोवर घरात कुणी घास घ्यायचा नाही, आणि तो माणूसही सकाळपासून उपाशीच येतो.

सासरे गेल्यापासून त्यांच्या पाटावर एकच माणूस बसत आला होता. आम्ही त्यांना नाना म्हणतो. जुन्या गावात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सासरे शिंदखेड्याकडचे, नोकरीसाठी इकडे आले तेव्हा शहरात ओळखीचं कुत्रं नव्हतं. सायकल पंक्चर झाली म्हणून नानांच्या दुकानात थांबले आणि पुढे चाळीस वर्षं रोज संध्याकाळी तिथल्या लाकडी खोक्यावर बसत राहिले. शेवटच्या आजारात दवाखान्यात त्यांनी नानांचा हात धरून सांगितलं होतं, ‘‘माझ्या पाटावर तूच बस रे. दुसरा कोणी बसला तर मी जेवणार नाही.’’ तेव्हा मी चहाचा थर्मास घेऊन तिथंच उभी होते. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं ते मी विसरल्यामुळे झालं, असं कुणाला वाटायला नको. मी विसरले नव्हते.

झालं असं, की आमच्या कॉलनीतल्या बायकांचं एक हरिपाठ मंडळ आहे. तिथं एक बुवा येऊन सांगून गेले, की वर्षभर रोज एक दान करा. मोठं नको, छोटं चालेल, पण रोज हवं, आणि सत्पात्री हवं. झालं! आम्ही सगळ्यांनी नेम धरला. फोनवर ग्रुप निघाला. रोज जिचं तिने दान लिहायचं आणि बाकीच्यांनी हात जोडायचे. मला असल्या गोष्टीत मागे राहणं जमत नाही. एकदा सकाळीच दान उरकून टाकावं म्हणून घंटागाडीवरच्या बाईला हाका मारून थांबवलं आणि तिच्या हातात दोन केळी कोंबली. तिची गाडी पुढे निघून गेली, बिचारी केळी धरून मागे पळाली. मी आत येऊन लिहिलं, ‘‘आज फलदान.’’ आता आठवलं की कान गरम होतात.

अशात आखाजी आली. मी बसले हिशेब लावत, की पितर जेवू घालणं म्हणजे दानच ना? मग ते सत्पात्री नको? नानांच्या नातवाला चांगली नोकरी लागली होती. घरावर स्लॅब पडला होता. एसीसुद्धा बसला म्हणे. ज्याच्या घरात एसी, त्याला जेवू घालून कसलं आलंय पुण्य? यांना विचारलं, तर पेपरातून मान न काढता म्हणाले, ‘‘नाना वाट बघतील गं.’’ मी म्हटलं, ‘‘बघू देत. त्यांना काय घरी कमी आहे?’’ हे गप्प बसले. माझ्या तोंडाला लागण्यापेक्षा गप्प बसणं त्यांना वर्षानुवर्षं सोपं पडत आलंय.

नानांना मी ‘या’ म्हणून सांगितलं नाही, आणि ‘येऊ नका’ असंही सांगितलं नाही. नुसतीच गप्प राहिले. हेच सगळ्यात वाईट.

आखाजीच्या दिवशी सकाळी यांना स्कूटरवर पाठवून देवळाच्या पायरीवरचा एक माणूस आणवला. साठीचा असेल, जास्तही असेल. अंगावर मळका सदरा, पायांना भेगा. घाबरल्यासारखा आला. मी त्याचे पाय धुतले, गंध लावलं, नवा टॉवेल-टोपी दिली, पाटावर बसवलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई, रशी म्हणजे आमची कटाची आमटी, भजी, सगळं वाढलं. तो हातच लावेना. मी म्हटलं, ‘‘अहो, जेवा.’’ तो म्हणाला, ‘‘बाई, हे कोनाच्या नावाचं आहे?’’ मी म्हटलं, ‘‘माझ्या सासऱ्यांच्या. जेवा तुम्ही.’’ आणि फोटो काढायला फोन शोधू लागले.

तेवढ्यात फाटक वाजलं.

नाना आले होते. बाराचं ऊन, आमच्या जळगावचं, त्यात ते चालत आलेले. धुतलेलं धोतर, आणि डोक्यावर मागच्या आखाजीला आम्हीच दिलेली टोपी. त्यांनी चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि पाटावर बसलेला माणूस बघितला.

मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. तोंडाला तोंड देणारी बाई मी, तशीच फोन शोधत राहिले. हे तर घागरीकडेच बघत उभे. तो पाटावरचा माणूस भेदरून उठायला लागला.

नानाच बोलले. ‘‘बस भाऊ, बस. उठू नको. मी असाच उनू. पानी पिसन जास.’’ सहजच आलो, पाणी पिऊन जातो. मी पाणी दिलं.

पाणी पिऊन ते जातील असं वाटलं, तर ते त्या माणसाच्या शेजारी खाली फरशीवर बसले. म्हणाले, ‘‘रसमा कुरडई मोडीसन टाक. त्यास्ले तशीच आवडे.’’ त्या माणसाने कुरडई मोडून रसात टाकली. मग नानांनी त्याला सांगितलं, की ज्यांच्या नावाने तू बसलास ते पोळीला तूप जास्त घेत, रशीचा भुरका मारत आणि ठसका लागला की स्वतःच हसत. तो माणूस ऐकत ऐकत जेवायला लागला. रशीचा भुरका मारला. त्याला ठसका लागला, तसे नाना हसले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्या ‘कोनाच्या नावाचं’ला नीट उत्तर द्यायला मला वेळ नव्हता. ते नानांनी दिलं.

मी म्हटलं, ‘‘नाना, तुम्हीपण बसा ना, दुसरं ताट करते.’’ ते म्हणाले, ‘‘नही माय. पितर एकच ऱ्हास.’’ पितर एकच असतो. आणि गेले. मी फाटकापर्यंत गेले. थांबवलं मात्र नाही. थांबवून सांगणार काय होते? आत येऊन फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. बावीस जणींनी हात जोडले. त्यावरही मी खूश झाले. थोडी का होईना, झाले. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

चार दिवसांनी भाजीबाजारात नानांची सून भेटली. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. साधेपणाने म्हणाली, ‘‘ताई, आखाजीला नानांची तब्येत बरी नव्हती का हो? तुमच्याकडून आले आणि रात्रीची भाकरी मागून चटणीशी खाल्ली. आम्ही तर त्यांचं ताट ठेवतच नाही त्या दिवशी. तुमच्याकडे जेवतात ना ते. सगळं संपलं होतं.’’

सणाच्या दिवशी, शिळी भाकरी. स्लॅबच्या घरात, एसीच्या घरात. मी मेथीची जुडी हातात धरून उभी राहिले. भाजीवाली म्हणाली, ‘‘घ्यायची आहे का नाही, मावशी?’’ मी जुडी खाली ठेवून घरी आले.

त्या रात्री, खरं तर त्या क्षणीच, जाऊन पाय धरायला हवे होते. मी काय केलं? वर्षभर त्यांच्या गल्लीतून जाणं टाळलं. बँकेत जायचं तर लांबच्या रस्त्याने जायची. दानाचा ग्रुप सोडला, आणि तेही कारण न सांगता. यांनी एकदाच विचारलं, ‘‘नेम मोडलास?’’ मी म्हटलं, ‘‘मोडला.’’ त्यावर ते एवढंच म्हणाले, ‘‘बरं झालं.’’ एरवी मी भांडले असते.

यंदा आखाजीला तीन दिवस असताना मन घट्ट केलं आणि नानांकडे गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, पोरांना भाषण पाठ करायला लावायची तसं. ओट्यावर खाट टाकून बसले होते. ‘‘ये माय,’’ म्हणाले. मी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं विसरले. नुसतंच म्हटलं, ‘‘नाना, चुकले मी. आखाजीला याल ना?’’

‘‘येसू ना,’’ ते म्हणाले. इतकं सरळ, की मला रडूच आलं. वाटलं, सुटले बाई. देवमाणूस आहे, मनात काही ठेवलं नाही. पदराने डोळे पुसले, चहा घेतला. चहा अर्धा झाला असेल, तर नानांनी विचारलं,

‘‘आनि त्याले सांगं का?’’

त्याला सांगितलंस का, म्हणे. मी म्हटलं, ‘‘कोणाला?’’

‘‘तो नही का, मागला वरिसले बसेल व्हता.’’

मी कप खाली ठेवला. नाना माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, खरंच उत्तर हवं म्हणून. त्यांच्या हिशेबी ती साधी गोष्ट होती. एकदा ज्याला सासऱ्यांच्या पाटावर बसवलं, ज्याचे पाय धुतले, त्याला दुसऱ्या वर्षी विसरायचं कसं? आणि मला त्या वर्षभरात तो माणूस एकदाही आठवला नव्हता. नानांच्या नावाने रडत होते, लांबच्या रस्त्याने फिरत होते, पण तो? तो जेवून कुठे गेला, यांनी त्याला परत सोडलं की तो चालत गेला, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

‘‘त्यानं नाव काय शे?’’ नानांनी विचारलं.

‘‘माहीत नाही,’’ मी म्हटलं.

मग आठवलं, फोटो आहे. घाईघाईने फोन काढला. ग्रुप सोडला तरी फोटो होता. नानांनी फोन हातात घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. ताट झकास आलं होतं. खापरावरची पोळी, रसाची वाटी, तिच्यात मोडलेली कुरडई. पाटाची कड, आणि एक हात.

‘‘हात दिखस,’’ नाना म्हणाले. ‘‘तोंड कोठे शे?’’

दान गुप्त असावं, घेणाऱ्याचं तोंड दाखवू नये, असं बुवा म्हणाले होते. म्हणून टाकायच्या आधी फोटो नीट कापला होता, आणि मूळचा पुसून टाकला होता. त्याबद्दल ग्रुपवर एकीने माझं कौतुकही केलं होतं.

‘‘मी कापलं, नाना,’’ मी म्हटलं.

नानांनी तो हात पुन्हा एकदा बघितला. फोन माझ्या हातात दिला आणि खाटेखाली पायाने चपला चाचपू लागले. ‘‘चाल,’’ म्हणाले, ‘‘देऊळकडे देखी येऊत.’’ ऐंशीच्या पुढचा माणूस, वर तसलं ऊन. मी ‘अहो नाना, अहो नाना’ करत मागे निघाले. ते पुढे, मी मागे. देवळाच्या पायऱ्या लांबूनच दिसल्या, पाच-सहा जण सावलीला बसले होते. नानांना आता चेहऱ्यांची ओळख राहत नाही, आणि मला त्यातला एकही ओळखू येईना. आता तिथं जाऊन कुणाकुणाला म्हणणार होते, भाऊ, जरा तुमचा हात दाखवा?