विमलवहिनी आणि पडद्याचा पन्हा

पंकजचा फोन आला तेव्हा मी सातपूरच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभा होतो. "काका, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी जुडी परत ठेवली आणि रिक्षा पकडली... दोन दिवसांपूर्वीच दवाखान्यात आमची भेट झाली होती. तरुण डॉक्टर वहिनींच्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून पंकजला काहीतरी समजावत होते. वहिनींनी नाकातली नळी जरा सारली आणि विचारलं, "यात सगळं आलंय ना? कडेचं काही राहिलं नाही ना?" डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, सगळं आलंय." त्यावर वहिनींनी माझ्याकडे बघितलं. हे खरं बोलतायत का ते तुम्ही बघा, असा त्या नजरेचा अर्थ होता. ती नजर माझ्या चांगली ओळखीची होती, कारण आयुष्याचा मोठा काळ ती माझ्यावरच रोखलेली होती. आणि ते विनाकारण नव्हतं.

विमलवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, मधुकरदादाची बायको. दादा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. लग्नाआधी एकदा सुट्टीच्या दिवशी तो सायकल घेऊन त्र्यंबक रोडच्या बाजूला भटकायला गेला, तर तिथे नदीवर एका हिंदी सिनेमाचं शूटिंग चाललेलं. नायिकेचा टांगा नदीच्या मधोमध अडकतो, नायक तो ढकलतो, असा प्रसंग. सिनेमावाल्यांना काठावर एक बघ्या हवा होता. त्यांनी दादाला सायकल खांद्यावर घेऊन उजव्या काठाला उभं केलं. हे दादाने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की ऐकणाऱ्याला पाठ व्हावं, पण ते पाठ होत नसे, कारण दर वेळी त्यात भर पडे. कधी नायक त्याच्याशी हात मिळवी, कधी नायिका त्याचं नाव विचारी. दादाला तिखटमीठ लावायची सवयच होती. मी तेव्हा बाहेरगावी शिकायला होतो. तो सिनेमा नाशकात आला आणि आठवड्यात उतरला, मला बघायला मिळाला नाही. त्याचं नाव सांगितलं तरी आज कुणाला आठवणार नाही.

दादा-वहिनींनी मात्र तो बघितला, मालेगावला, वहिनींच्या माहेरी. नवीन लग्न झालेलं. वहिनी सांगत, पडदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मध्ये टांगा, आणि उजव्या टोकाला हे, डोक्यापासून पायापर्यंत. दादाने त्यांचा हात दाबून सांगितलं होतं, "बघ, आता."

पंकज दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा दुसऱ्या पाळीला निघालेल्या दादाला हायवेवर ट्रकने उडवलं. मागे दोन फोटो राहिले, एक लग्नातला, एक कारखान्याच्या पासवरचा. दोन्हींत तो खांबासारखा ताठ. वहिनींनी शिवणयंत्र घेतलं, ब्लाउज शिवून पोराला वाढवलं. पोरगा बोलायला लागल्यावर एकदा म्हणाला, फोटोतले पप्पा हलत नाहीत. तेव्हा वहिनींनी त्याला सिनेमाबद्दल सांगितलं. एक जागा आहे, तिथे पप्पा हलतात. सायकल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतात. एक दिवस तुला दाखवीन.

तो दिवस पंकज सात वर्षांचा असताना आला. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर तो सिनेमा लागणार होता. आमच्या ओळीत टीव्ही फक्त माझ्याकडे. वहिनींनी सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलेलं, त्यामुळे खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पंकज नवीन शर्ट घालून टीव्हीसमोर हातभर अंतरावर बसला होता. नदी आली. टांगा अडकला. आणि पडद्याच्या उजव्या कडेला सायकलचं अर्धं चाक दिसलं. फक्त चाक. ते चार-पाच सेकंद तसंच राहिलं आणि चित्र बदललं. पंकज मागे वळून म्हणाला, "आई, कुठे आहेत?" कुणी हसलं नाही, पण एकमेकांकडे बघितलं सगळ्यांनी. मी म्हणालो, असेल, पटकन गेला असेल. वहिनी म्हणाल्या, "पटकन नाही. ते चाक त्यांचंच आहे. पुढचं कुणीतरी कापलंय." पुढे शाळेत पोरं पंकजला 'चाक' म्हणायला लागली, आणि त्याने आईकडे तो विषय काढणं बंद केलं.

मला तेव्हा काय वाटलं ते आज लिहायला हरकत नाही. मला वाटलं, दादाने थाप मारली, आणि नव्या नवरीने त्याने दाखवलं ते बघितलं. चाक काय, कुणाचंही असू शकतं.

वहिनींचा मात्र टीव्हीवरचा विश्वास त्या दिवशी उडाला तो कायमचा. बातम्यांत गर्दी दाखवली तरी त्या म्हणत, बाजूला काय आहे ते दाखवत नाहीत. पुढे केबल आली, वाहिन्या वाढल्या आणि तो पडेल सिनेमा दुपारच्या वेळी इकडे-तिकडे लागू लागला. वहिनी शिवण थांबवून बघत. नदीचा प्रसंग आला की उठून काचेवर चाकाच्या आऱ्यापाशी टिकली चिकटवत आणि शिवणाच्या टेपने कडेपासूनचं अंतर मोजत. एकदा त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. म्हणाल्या, "एका वाहिनीवर चाक अर्धं दिसतं, दुसरीवर पाऊण दिसतं, तिसरीवर दिसतच नाही. सिनेमा एकच ना भाऊजी? मग चाक कमी-जास्त कसं होतं?"

याचं उत्तर मालेगावला मिळालं. ज्या टॉकीजमध्ये त्यांनी सिनेमा बघितला होता तिथले जुने ऑपरेटर सलीमचाचा निवृत्त होऊन घरी बसले होते. वहिनी मला घेऊनच गेल्या, साक्षीदार म्हणून. चाचांनी आपला लांबडा रुमाल खाटेवर पसरला, पुठ्ठ्यात एक चौकोन फाडला आणि तो पुठ्ठा रुमालावर ठेवला. "बहनजी, रुमाल आमचा सिनेमा, ही खिडकी तुमचा टीव्ही. खिडकी भरायची तर दोन्ही बाजू बाहेर जाणार. आता खिडकी डावीकडे सरकवायची की उजवीकडे, ते तिकडे बसलेला माणूस ठरवतो. तो नायिकेकडे बघणार, सायकलवाल्याकडे कशाला बघेल?"

वहिनींनी पुठ्ठा रुमालावर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवून बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे पन्हा कमी पडला म्हणून कापलं." कापडाच्या रुंदीशी रोजचा संबंध असलेल्या बाईला ते माझ्याआधी कळलं. चाचा म्हणाले, कापायलाच पाहिजे असं काही नाही. चित्र लहान करून वर-खाली काळी पट्टी सोडली की पूर्ण सिनेमा दिसतो. पण लोकांना ती पट्टी चालत नाही, त्यांना वाटतं आपल्याला कमी दिलं.

"कापलं तर लोक खूश, आणि पुरं दिलं तर संशय," वहिनी म्हणाल्या.

परतीच्या एसटीत त्या मोकळ्या झाल्यासारख्या बोलत होत्या. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, कडा कापतात हे सिद्ध झालं, पण त्या कापलेल्या कडेत दादाच होता कशावरून? जे दिसतच नाही तिथे कुणालाही उभं करता येतं... नाशिकला पोचलो. वहिनींनी मला वाहिनीला पत्र लिहायला सांगितलं, की हा सिनेमा एकदा काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण दाखवा, एका मुलाला त्याचे वडील बघायचे आहेत. त्यांनी सांगितलं ते मी नीट अक्षरात लिहिलं. पाकिटावर पत्ता घातला. आणि ते पाकीट ऑफिसच्या खणात ठेवून दिलं. लाज वाटली. तिथे कुणीतरी हे वाचेल, हसेल. आणि खरंच दाखवला, अन् दादा निघाला नाही, तर वहिनींचं काय होईल, असंही स्वतःला सांगितलं. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी विचारलं, "भाऊजी, पत्र टाकलं होतं ना?" मी हो म्हणालो. त्यांनी तीच नजर टाकली आणि पुन्हा शिवायला बसल्या.

त्यानंतर साधारण महिन्या-दीड महिन्याने मी त्यांच्याकडे गेलो असताना त्यांनी यंत्राच्या खणातून एक टाइप केलेलं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. वाहिनीचं होतं. काळ्या पट्ट्यांबद्दल प्रेक्षकांच्या तक्रारी येतात, म्हणून चित्र पडदाभर करावं लागतं, क्षमस्व, अशा अर्थाचं. वहिनींनी स्वतःच्या हाताने पत्र लिहून पाठवलं होतं. "माझ्या पत्राला महिन्यात उत्तर आलं," एवढंच त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी ते दोन ओळींचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत बसलो, वर बघायला नको म्हणून.

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही सिनेमाबद्दल बोललो नाही. सणासुदीला जाणं-येणं होतं, चौदा एप्रिलला एकत्र जेवण होतं, पण त्यांनी मला काही आणायला सांगितलं की ते दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घेत. मी ते ओळखत होतो. पंकज शिकला, नोकरीला लागला, इंदिरानगरला फ्लॅट घेतला, आईला घेऊन गेला. एव्हाना टीव्हीच रुंद झाले होते. मला वाटलं, आता सोक्षमोक्ष लागेल. तर एका वाहिनीने जुना कापलेलाच सिनेमा ताणून रुंद केला. नायिका गोल गरगरीत झाली, टांग्याचा घोडा म्हशीएवढा दिसू लागला. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "आता तर चाकसुद्धा गोल ठेवलं नाही." पंकजने इंटरनेटवर शोधलं, तिथेही कुणीतरी टीव्हीवरूनच उतरवून घेतलेला. शोधताना तो आईला म्हणाला होता, "जाऊ दे ना आता." त्या त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

आणि मग, तीनेक वर्षांपूर्वी, एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "भाऊजी, सिनेमा लागलाय. वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत. लगेच या. मागून म्हणाल, मी नव्हतो." मी रिक्षाने पोचलो तेव्हा सूनबाई रिमोट घेऊन चित्र पडदाभर करायच्या बेतात होती, नेहमीच्या सवयीने. वहिनींनी तिच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवला. पंकज दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, फारसं काही होणार नाही अशा चेहऱ्याने. मीही तसाच बसलो होतो.

नदी आली. या वेळी ती खूपच रुंद होती, दोन्ही काठ दिसत होते. मध्ये टांगा. आणि उजव्या काठावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, सायकल खांद्यावर घेतलेला एक किडकिडीत तरुण. त्याने सायकल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवली. दादा उभ्या उभ्या बोलताना तसंच करायचा, आणि हे गेल्या कित्येक वर्षांत मला एकदाही आठवलं नव्हतं.

"हाऊच शे," वहिनी म्हणाल्या. म्हणजे हाच आहे. नाशकात इतकी वर्षं काढल्यावर माहेरची बोली त्यांच्या तोंडून क्वचितच येई.

चित्र बदललं. पंकज टीव्हीजवळ गेला होता, केव्हा गेला ते कुणाला कळलं नाही. तिथूनच म्हणाला, "हे तर माझ्यापेक्षा लहान आहेत." मग तो आईजवळ येऊन बसला. सूनबाईने सिनेमाचा आवाज बंद केला, पण चित्र तसंच चालू राहू दिलं.

पंकज आत गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, ते पत्र मी टाकलं नव्हतं."

"ते मला तेव्हाच कळलं. मला वेगळंच विचारायचंय. तुमचा विश्वास ह्यांच्यावर नव्हता, की माझ्यावर?"

दादावर, असं मी म्हणालो. ते अर्धं खरं होतं, आणि त्यांना ते कळलं असणार. त्यांनी मांडीखालचा रिमोट काढून माझ्या हातात दिला. "आज दाखवलं. उद्या परत कापतील," म्हणाल्या. पुढे तसंच झालं. पुढच्या वर्षी तो सिनेमा त्याच वाहिनीवर पुन्हा लागला तेव्हा काळ्या पट्ट्या नव्हत्या. पण तोवर त्यांनी रागावणं सोडलं होतं. चाक आलं की शेजारणीला शांतपणे सांगत, "याच्या पुढे ह्यांचा हात आहे, मग हे."

वहिनी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो शोधताना लक्षात आलं की वहिनींचा एकटीचा एकही धड फोटो नाही. बरा म्हणावा असा एकच, नातीच्या वाढदिवसाचा, ज्यात आम्ही अकराजण एका ओळीत उभे आहोत आणि वहिनी शेवटी. फोटोवाला म्हणाला, सोपं आहे, आजींचा तेवढा चेहरा कापून मोठा करून देतो, खांद्यावर कुणाचा हात आहे तोही पुसतो. पंकज म्हणाला, "कापू नका. आहे तसा करा." त्यामुळे तो फोटो हातभर लांब आणि वीतभर उंच झाला. टेबलावरच्या स्टँडवर बसेना, म्हणून भिंतीला लावावा लागला. त्याला हार घालता येईना, कारण बाकीचे दहा जण जिवंत आहेत, मीसुद्धा. आता पाच आठवडे होऊन गेले, तरी इंदिरानगरच्या त्या खोलीत भेटायला येणारं कुणी ना कुणी त्या फोटोसमोर थबकतं आणि विचारतं, यातल्या त्या कुठल्या? पंकज दर वेळी उठून जवळ जातो आणि बोटाने दाखवतो, "ही... अगदी कडेची."