पहिली बोली

पापडीच्या सायबर कॅफेवाल्याला खुर्ची टोचते की काय, कोन जाने. बसला की उठतो, आनि सगळं दोनदा बोलतो. मी पाचूबंदरला मासळीच्या पाट्या उचलनारा, अंगठेबहाद्दर. त्याच्याकडे नुसता पंख्याखाली बसायला जायचो.

त्या दिवशी त्यानं नेटवरच्या वसईकरांच्या ग्रुपवर स्पर्धा ठेवलेली. शंभर शब्दांची गोष्ट, संध्याकाळपर्यंत पाठवा. दुपार झाली तरी एक पन आली नाय.

"पोपट झाला रे, पोपट झाला. ग्रुपवर तोंड कसं दाखवू?" तो शटरपर्यंत जाऊन परत आला.

मी म्हटलं, "शेट, लिलावात पहिली बोली कोनी लावत नाय. मालवाला आपलाच मानूस उभा करतो."

तो थांबला. पहिल्यांदाच नीट बसला आनि स्वतःच गोष्ट लिहिली. खाली नाव टाकलं माझं.

"माझं कशाला?"

"तुला सगळे ओळखतात. याला जमलं तर आपल्याला का नाही, असं वाटेल ना, वाटेल ना."

वाटलं. संध्याकाळपर्यंत गोष्टींची रांग लागली आनि हा पुन्हा उभा, फेऱ्या मारतोय.

आता बाजारात जो तो मला विचारतो, "लेखक, दुसरी गोष्ट कधी?"

मी म्हनतो, जरा बसायला मिळू दे. लिहायला बसायचं शेटला आहे, हे कोनाला सांगू?