मागे म्हणजे उजवीकडे

अरबी मुलखातल्या मन्सूरात आमच्या शेजारच्या अफ्कारबाई, निवृत्त अरबी शिक्षिका, रोज चहासोबत कॉम्प्युटरवर निधनवार्ता वाचतात. एक वाचली की बॅकस्पेस दाबून मागे, मग दुसरी. परवा त्यांचा अरबी ब्राउझर अपडेट झाला नि बॅकस्पेस चालेना. बाई एकाच मयतापाशी अडकल्या. त्यांनी कॅनडातल्या मुलाला फोनवर फैलावर घेतलं.

"माझं बटण कुणाला विचारून काढलं रे?"

"आई, आता ऑल्ट धरून डावा बाण दाब."

पान हललं नाही. चिडून उजवा दाबला, तर मागे गेलं! बाई आणखीच भडकल्या.

"वजदी, आपण उजवीकडून लिहितो ना? मग मागे म्हणजे उजवीकडेच! मीच शिकवलं होतं तुला!"

"अगं, आपल्याकडे सगळे डावाच दाबतात."

"आपल्याकडे? कुठे, कॅनडात?" बाईंनी फोन आपटला.